आरोग्याचे सार्वजनिक वर्ग : काय घ्यावे आणि काय पारखावे

अलीकडे मोठ्या शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही निसर्गोपचार, आहारशास्त्र आणि सर्वांगीण आरोग्य यांविषयीचे सार्वजनिक वर्ग भरू लागले आहेत. कोठे देवळाच्या सभामंडपात, तर कोठे शाळेच्या पटांगणावर पहाटे सतरंज्या अंथरल्या जातात. कोणी श्वासाचे व्यायाम शिकवितो, कोणी मातीच्या पट्टीचे गुण सांगतो, तर कोणी कोणत्या ऋतूत कोणती भाजी खावी हे समजावितो. आमच्या विद्यार्थ्यांचे पालक आम्हांस पुष्कळदा विचारतात की, अशा वर्गास मुलांना न्यावे किंवा नाही. या प्रश्नास एका शब्दात ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणे आम्हांस योग्य वाटत नाही. कारण या वर्गांत जसे सोने आहे तसे पितळही आहे, आणि दोहोंचा रंग दुरून सारखाच दिसतो. यास्तव असे वर्ग जगात कोठे व कसे भरले, त्यांतून लोकांचे कोणते हित झाले आणि शिकविणाऱ्यांच्या हातून कोणत्या चुका घडल्या, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यावरून पारख कशी करावी हे वाचकांस आपोआप कळून येईल, अशी आम्हांस आशा आहे.

प्रथम जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात जाऊ. तेथील वोरिसहोफेन या खेड्यात सेबास्टियन क्नाइप नावाचे एक धर्मोपदेशक राहत असत. त्यांचा जन्म १८२१ साली एका गरीब विणकराच्या घरी झाला. लहानपणी तळघरात मागावर बसून त्यांस विणकाम करावे लागे. मोठ्या कष्टाने ते विद्यार्थी झाले, परंतु त्यांच्या छातीस रोग जडला. अशा स्थितीत थंड पाण्याच्या गुणांविषयीचे एक जुने पुस्तक त्यांच्या हाती आले. १८४९ सालच्या हिवाळ्यात त्यांनी डॅन्यूब नदीच्या थंडगार पाण्यात काही क्षण बुडी मारावी आणि लगेच कपडे चढवून धावत घरी परतावे, असा क्रम चालविला. ते बरे झाले, पुढे धर्मोपदेशक झाले, आणि १८५५ पासून १८९७ साली मृत्यू येईपर्यंत वोरिसहोफेन येथेच राहिले.

क्नाइप यांची कीर्ती पसरली तसे दूरदूरचे रोगी त्या खेड्यात येऊ लागले. तेव्हा एकेकास निराळे सांगत न बसता त्यांनी सर्वांसाठी व्याख्याने देण्यास आरंभ केला. कोणीही यावे आणि ऐकावे. श्रीमंतास पुढची जागा आणि गरिबास मागची, असा भेद तेथे नसे. ते सांगत ते असे : साधे अन्न खावे, अंगमेहनत करावी, सकाळी दंवाने भिजलेल्या गवतावरून अनवाणी चालावे, अंगावर थंड पाण्याची धार थोडाच वेळ घ्यावी, रानातील ओळखीच्या वनस्पतींचा उपयोग करावा, आणि झोपणे, उठणे, काम व विश्रांती यांत नियमितपणा ठेवावा. विशेष हे की, त्यांचे आरंभीचे पाण्याचे उपचार कठोर होते. पण रोग्यांस ते सोसत नाहीत असे पाहून त्यांनी ते उत्तरोत्तर सौम्य केले. आपल्याजवळ त्यांनी डॉक्टरांनाही घेतले व त्यांस आपली पद्धती तपासू दिली. जो शिक्षक अनुभवाने आपला पाठ बदलतो, त्याच्याजवळ बसण्यास हरकत नाही, असे आमचे मत आहे.

तथापि येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात धरावी. क्नाइप यांचा छातीचा रोग थंड पाण्याने बरा झाला असे त्यांस स्वतःला वाटले. परंतु एक मनुष्य बरा झाला एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही. कित्येक रोगी काहीही न करता बरे होतात, आणि कित्येक तेच उपचार करूनही दगावतात; त्या दगावलेल्यांची कथा सांगण्यास मात्र कोणी उरत नाही. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले, आणि त्यांवर खरोखर चालणारी औषधे विसाव्या शतकाच्या मध्यास मिळाली. आज क्षयाच्या रोग्याने नदीत बुड्या मारून चालणार नाही. त्याने सरकारी दवाखान्यातून मोफत मिळणाऱ्या गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत न चुकता घेतल्या पाहिजेत. साधे अन्न, मोकळी हवा आणि नियमित झोप ही त्या गोळ्यांच्या जोडीला असावीत. त्यांच्या जागी नव्हे.

जर्मनीतील या विद्येचे काही प्रवाह पुस्तकांच्या द्वारे आपल्याकडे आले. लाइप्झिगचे लुई कूने यांचे कटिस्नान आणि अडोल्फ युस्ट यांची मातीची पट्टी या दोहोंचा परिचय महात्मा गांधींस दक्षिण आफ्रिकेत असताना झाला. त्यांनी ते उपचार स्वतःवर व आपल्या माणसांवर करून पाहिले. १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात असता त्यांनी आरोग्याविषयी जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात पृथ्वी, पाणी, आकाश, तेज आणि वायू या पाचांच्या आधारे शरीर कसे निरोगी राखावे याचे विवेचन आहे.

सुटकेनंतर गांधीजींनी पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार-गृहाच्या कार्यात लक्ष घातले. गरिबांसाठी येथे मोठी संस्था उभारावी असा त्यांचा प्रथम बेत होता. पण लवकरच त्यांस उमगले की, खेड्यातील गरीब मनुष्य उपचारासाठी शहरात येऊन राहू शकत नाही. विद्येनेच त्याच्या दारी गेले पाहिजे. आपली चूक त्यांनी उघडपणे मान्य केली आणि मार्च १९४६ मध्ये ते पुणे-सोलापूर लोहमार्गावरील उरुळीकांचन या गावी गेले. तेथे थोडेच दिवस त्यांचा मुक्काम झाला, परंतु त्या अवधीत आसपासचे रोगी मोठ्या संख्येने आले. त्यांस बाटल्या व पुड्या मिळाल्या नाहीत. सूर्यस्नान, कटिस्नान, भरपूर पाणी, दूध, ताक, फळांचा रस आणि त्यांबरोबर ईश्वराचे नामस्मरण, असे उपाय सांगण्यात आले. गांधीजींचा कटाक्ष असा होता की, वैद्याने औषध विकू नये, तर रोग्यास राहणी शिकवावी, म्हणजे त्यास पुन्हा वैद्याकडे यावे लागणार नाही. ते काम पुढे मणिभाई देसाई या गुजरातेतील तरुणाने हाती घेतले व १९९३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच गावी राहिले. त्यांच्या ध्यानात आले की, आहार सुधारा असे सांगून भागत नाही. ज्याच्या घरी दूधच नाही त्यास दूध पी म्हणणे ही थट्टा होय. म्हणून त्यांनी गोपालन, शेती व शिक्षण यांकडे लक्ष दिले, आणि त्यातूनच १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था जन्मास आली. आरोग्याचा पाठ हा शेवटी गोठ्यापर्यंत व शेतापर्यंत जातो, हे उरुळीकांचनने दाखवून दिले.

पण गांधीजींच्याच चरित्रात अशा दोन गोष्टी आहेत, ज्या निसर्गोपचाराच्या प्रत्येक वर्गात सांगितल्या जाव्यात असे आम्हांस वाटते. पहिली १९२४ सालची. येरवड्याच्या तुरुंगात असता त्यांच्या पोटात असह्य वेदना होऊ लागल्या. आंत्रपुच्छास सूज आली होती. त्यांस पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. निसर्गोपचाराचा एवढा अभिमानी पुरुष, परंतु पोटावर मातीची पट्टी ठेवून तो पडून राहिला नाही. त्याने शस्त्रक्रियेस आपली संमती लिहून दिली, आणि म्हणून तो वाचला. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. देवीची लस टोचण्यास गांधीजींचा विरोध होता आणि आरोग्याविषयीच्या आपल्या जुन्या लेखमालेत त्यांनी तो मांडलाही होता. त्या मताचा निकाल काळाने दिला. त्याच लसीच्या बळावर देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली तसे जाहीर केले. मोठ्या माणसाचा आदर करणे म्हणजे त्याचे प्रत्येक मत शिरोधार्य मानणे नव्हे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी येथेच शिकावे.

आता आहाराकडे वळू. आहाराच्या वर्गात जे सांगितले जाते त्यातील बरेचसे खरे असते. परंतु ते खरे कशावरून, हे क्वचितच सांगितले जाते. जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेरीबेरी नावाच्या रोगाने माणसांचे हातपाय लुळे पडत. तेथे आइकमान या डच डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांसही तसाच विकार जडला आणि पुढे तो अकस्मात नाहीसाही झाला. शोध घेता कळले की, काही महिने कोंबड्यांस रुग्णालयातील सडीक पांढऱ्या तांदळाचा उरलेला भात मिळत असे. नवा आचारी आला, त्याने सैन्याचा तांदूळ कोंबड्यांस देण्याचे नाकारले, आणि त्यांच्या वाट्यास हातसडीचा लालसर तांदूळ येऊ लागला. तेव्हापासून त्या बऱ्या झाल्या होत्या! पुढे फोर्डरमान नावाच्या अधिकाऱ्याने जावातील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी केली. जेथे कैद्यांस सडीक तांदूळ मिळे तेथे बेरीबेरीचे रोगी पुष्कळ होते. जेथे कोंड्यासह तांदूळ मिळे तेथे ते फारच विरळ होते. तांदळाच्या कोंड्यात जे जीवनसत्त्व असते व जे सडताना निघून जाते, त्याचा शोध अशा रीतीने लागला. आइकमान यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी असेच काम केले. निरनिराळ्या प्रांतांतील लोक जे जेवतात तेच त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांस खाऊ घातले. सबंध गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी व फळे हा पंजाबी शिखांचा आहार ज्यांस मिळाला, ते उंदीर धष्टपुष्ट झाले. सडीक तांदळावर मुख्य भर असलेल्या आहारावरचे उंदीर खुरटले. या प्रयोगांत महागडे असे काहीच नव्हते. आपल्या घरची ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणीची आंबील, मुगाची उसळ, मेथी, चाकवत किंवा अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर ताक हे ताट पाहिले म्हणजे कुन्नूरच्या प्रयोगांचे सार आपल्या आजीस ठाऊक होते असेच वाटते. दुःख इतकेच की, शाळेच्या डब्यात ती भाकरी न्यावयास आज मुलांस लाज वाटते आणि दुकानातील तळलेल्या खाऊची पिशवी नेण्यात मोठेपणा वाटतो.

सर्वांत शेवटी ज्या वर्गाची हकीकत सांगावयाची, तो आमच्या मते सर्वश्रेष्ठ होय. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित आपल्या देशात आले. सीमेजवळील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते, आणि रुग्णालयाच्या जमिनीवर रोग्यांची दाटी झाली होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा धाडसाने एक साधा मार्ग धरला. साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून त्यांनी त्या पाण्यात विरघळविल्या आणि ते पाणी रोग्यांच्या नातलगांच्या हाती दिले. आईने, बापाने, भावाने ते रोग्यास घोट घोट पाजावे. परिणाम असा झाला की, शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले. यात जादू काही नव्हती. आतड्याच्या अस्तरातून साखर आत जाताना मिठास आपल्याबरोबर ओढून नेते, आणि मिठाच्या मागोमाग पाणी जाते. जुलाब चालू असतानाही हे द्वार उघडेच असते.

हेच ज्ञान बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून पुढील दहा वर्षे घरोघरी पोहोचविले. शिकविणाऱ्या स्त्रिया अंगणात बसत आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण घरातील आईकडूनच करवून घेत. नंतर काही दिवसांनी दुसरी माणसे येऊन त्यांतील काही घरांत तपासणी करीत : आईच्या ध्यानात किती राहिले आहे, आणि तिचे मिश्रण बरोबर होते किंवा नाही. शिकविणारीचे वेतन या तपासणीवर ठरे. वर्गात तिने किती सुंदर भाषण केले यावर नव्हे, तर ऐकणारीच्या हातात किती उतरले यावर! शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या आम्हांस हे वाचून आपल्याच परीक्षापद्धतीची थोडी लाज वाटली, हे प्रांजलपणे कबूल करावयास आम्ही मागेपुढे पाहत नाही.

एवंच, या सर्व हकीकतींतून पालकांच्या हाती तीन कसोट्या येतात. पहिली अशी : या वर्गातून उठल्यावर घरी, आपल्या ऐपतीत, आपल्या हातांनी करता येईल असे काही आम्हांस मिळाले काय? क्नाइप यांचे अनवाणी चालणे, घरची भाकरी, मीठ-साखरेचे पाणी, ही सारी या कसोटीस उतरतात. परंतु वर्गाच्या शेवटी जर महाग चूर्णाची डबी किंवा ‘शरीरशुद्धी’चे यंत्रच विकत घ्यावे लागत असेल, तर तो वर्ग नसून दुकान आहे असे समजावे. दुसरी कसोटी : शिकविणारा मनुष्य किती जणांवर उपाय केला, किती बरे झाले आणि किती झाले नाहीत, हे तिन्ही सांगतो काय? नुसत्या बरे झालेल्यांच्या कथा सांगणारा मनुष्य हिशेबाच्या वहीतील जमेचीच बाजू दाखवीत असतो. ‘पी हळद अन् हो गोरी’ अशा थाटाची वचने जो देतो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची : कोठे थांबावे आणि डॉक्टरांकडे केव्हा धावावे, हे तो स्पष्ट सांगतो काय?

ही तिसरी कसोटी किती निकडीची आहे, ते आम्ही थोडे उलगडून सांगतो. ज्या मुलास लहानपणीच मधुमेह जडला आहे व ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, त्याचे इंजेक्शन कोणाच्या सांगण्यावरून बंद केल्यास ते मूल काही दिवसांतच दगावते. कारल्याचा रस तेथे कामाचा नाही. पोटात उजव्या बाजूस खाली दुखत असून ताप व उलटी असेल, तर एरंडेल देणे किंवा पोट चोळणे धोक्याचे असते. तेव्हा गांधीजींनी केले तेच करावे. सर्पदंश झाल्यास मंत्र, चिरे किंवा पाला यांत वेळ न दवडता प्रतिविष मिळेल त्या रुग्णालयात जावे. बालकांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. या बाबतीत जो वर्ग मौन पाळतो किंवा उलट उपदेश करतो, त्याच्या बाकीच्या चांगल्या गोष्टींनीही त्याचा दोष झाकला जात नाही. आपल्याकडील म्हण आहेच : रोगापेक्षा इलाज भयंकर.

आता आमच्या विद्यार्थ्यांस एक काम सांगून हा लेख संपवितो. प्रत्येकाने या सुट्टीत आपल्या घरी एक छोटासा आरोग्यवर्ग भरवावा. एक लिटर स्वच्छ पिण्याचे पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पूर्ण विरघळू द्यावे. मिठाचे प्रमाण कधीही वाढवू नये; चव अश्रूंहून अधिक खारट लागली तर ते पाणी टाकून पुन्हा करावे. हे मिश्रण आईला, आजीला व शेजारच्या काकूंना करून दाखवावे, आणि नंतर त्यांच्याकडून करवून घ्यावे. बाळास जुलाब होऊ लागताच हे पाणी घोट घोट पाजावे, अंगावरचे दूध व अन्न बंद करू नये, आणि आरोग्यकेंद्रातून जलसंजीवनीची पाकिटे व झिंकच्या गोळ्या आणाव्यात. बाळाचे डोळे खोल गेले, ते सुस्तावले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा, हेही त्याच वेळी सांगावे. आठ दिवसांनी पुन्हा विचारावे : किती पाणी, किती साखर, किती मीठ?

उत्तर बरोबर आले, तर तो विद्यार्थी आपल्या घरात खरा शिक्षक झाला असे आम्ही समजू. चुकले, तर दोष ऐकणाराचा मानू नये. पाठ पुन्हा द्यावा.